अनोळखी मेलला गेटवर थांबवा, हाकलू नका : ग्रेलिस्टिंग सोप्या भाषेत



व्हिडिओत स्पॅमचा विषय जरा घाईत उरकावा लागला. पासवर्ड झाला, फिल्टर झाला, स्पॅम फोल्डर झाला. ग्रेलिस्टिंग हा शब्द मात्र आला आणि तसाच पुढे गेला. तो इथे नीट बसून शिकू. भोसरी, पिंपरी, चिंचवड, तळवडे ते थेट चाकण एमआयडीसीपर्यंतच्या छोट्या धंद्याला हा विषय जास्तच लागू पडतो, असं माझं मत आहे. का, ते आधी सांगतो.

किराणा दुकानात नवीन गिऱ्हाईक काउंटरवर येतं. आपण त्याचं तोंड बघतो, दोन वाक्यं बोलतो, अंदाज घेतो. जॉबवर्क, फॅब्रिकेशन, टूलरूम, पॅकिंग मटेरियल अशा धंद्यात नवीन गिऱ्हाईक येतं ते मेलवर, आणि ते पूर्ण अनोळखी असतं. माझं दुकान पॅकिंग मटेरियलचं आहे. कोरूगेटेड बॉक्स, स्ट्रेच फिल्म, गंज लागू नये म्हणून पार्टला घालायच्या व्हीसीआय पिशव्या. चाकणच्या एखाद्या कंपनीच्या परचेसमधून पहिल्यांदा मेल येतो तेव्हा त्यात काय असतं? 'सोबत ड्रॉइंग जोडलं आहे, तातडीने रेट पाठवा.' आणि त्याच सकाळी आलेल्या खोट्या मेलमध्ये काय असतं? 'सोबत पर्चेस ऑर्डर जोडली आहे, तातडीने रेट पाठवा.' खोट्या मेलसोबत एक झिप फाइल असते आणि ती उघडली की एजंट टेस्लासारखा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये शिरून पासवर्ड चोरायला लागतो. असे प्रोग्रॅम खोट्या आरएफक्यू आणि खोट्या पीओच्या आडून पसरवणं ही जगभर चाललेली युक्ती आहे. मालाचा सप्लाय करणाऱ्या छोट्या युनिटला 'ऑर्डर' हा शब्द दिसला की हात आपोआप माउसकडे जातो, हे त्या लोकांना पक्कं माहीत आहे.

आता फिल्टरची अडचण बघा. नेहमीचा स्पॅम फिल्टर मेलच्या आतला मजकूर वाचून अंदाज बांधतो. अनोळखी पत्ता, जोडलेली फाइल, 'तातडीने', 'रेट', 'ऑर्डर'. त्याच्या नजरेला खरा आणि खोटा हे जुळे भाऊ. फिल्टर कडक केला तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. खरी चौकशी स्पॅममध्ये पडून राहते आणि पंधरा दिवसांनी सापडते, तोवर ऑर्डर दुसऱ्याला गेलेली असते. सैल केला तर कचरा आत. मोठ्या कंपनीला एक चौकशी हुकली तर फरक पडत नाही. नवीन माणसाला त्या एका चौकशीवर वर्षभराचं काम मिळू शकतं.

ग्रेलिस्टिंग या भानगडीत वेगळ्या बाजूने शिरतं. ते मेल वाचतच नाही.

गेटवरचं रजिस्टर

चाकणला एखाद्या मोठ्या कंपनीत पहिल्यांदा माल घेऊन गेलात तर गेटवरचे सिक्युरिटीवाले काका रजिस्टर पुढे करतात. गाडी नंबर काय, कुठून आलात, कुणाला भेटायचं. तीन रकाने. मग म्हणतात, 'गाडी बाजूला लावा, थोड्या वेळाने या.' ज्याच्या गाडीत खरंच माल आहे आणि हातात चलन आहे तो कुरकुरत का होईना थांबतो आणि परत खिडकीशी जातो. ज्याला दिवसभरात पन्नास गेटवर नुसती पत्रकं टाकत फिरायचंय, तो थांबत नाही. त्याला पुढचं गेट असतं. दुसऱ्या खेपेला तीच गाडी, तीच पार्टी, तोच माणूस असेल तर काका हात करून आत सोडतात.

ग्रेलिस्टिंग हे मेल सर्व्हरच्या गेटवरचं असंच रजिस्टर आहे. त्यातही तीन रकाने असतात : मेल कुठल्या सर्व्हरवरून आला, म्हणजे त्याचा आयपी ॲड्रेस, पाठवणाऱ्याचा पत्ता, आणि घेणाऱ्याचा पत्ता. हे तिन्ही एकत्र आधी कधी दिसले नसतील तर तुमचा सर्व्हर म्हणतो, 'आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने ये.' नकार देत नाही, स्पॅममध्येही टाकत नाही. काळी यादी म्हणजे बंदी, पांढरी यादी म्हणजे थेट प्रवेश. ही दोन्हींच्या मधली, म्हणून करडी यादी.

ही कल्पना २००३ साली इव्हान हॅरिस या माणसाने मांडली. त्याने नवीन यंत्रणा काही शोधली नाही. मेलच्या नियमांत आधीपासून पडून असलेली एक सोय त्याने चतुराईने वापरली. ती सोय समजली की बाकी सगळं समजतं, म्हणून इथे जरा थांबू.

'४'ने सुरू होणारं उत्तर

मेल तुमच्या फोनवरून थेट समोरच्याच्या फोनवर उडी मारत नाही. तुमचा मेल आधी तुमच्या सर्व्हरकडे जातो, तो सर्व्हर समोरच्या सर्व्हरला जणू फोन लावतो आणि दोघांत ठरावीक शब्दांत संभाषण होतं. मी अमुक सर्व्हर बोलतोय. अमक्याकडून मेल आहे. तमक्यासाठी आहे. प्रत्येक वाक्याला समोरचा तीन आकडी उत्तर देतो. उत्तर २ ने सुरू झालं, उदाहरणार्थ २५०, तर ठीक आहे, पुढे बोला. ५ ने सुरू झालं, उदाहरणार्थ ५५०, तर कायमचा नकार. असा पत्ताच नाही किंवा तुम्हाला बंदी आहे. आणि ४ ने सुरू झालं, म्हणजे ४५० किंवा ४५१, तर अर्थ असा की आत्ता अडचण आहे, नंतर प्रयत्न करा.

हे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेलने लिहिलेल्या दस्तावेजात आहेत. त्या काळी समोरचा कॉम्प्युटर बंद असणं, डिस्क भरलेली असणं, लाइन तुटलेली असणं हे रोजचंच. त्यामुळे '४' चं उत्तर आलं तर मेल फेकायचा नाही, रांगेत ठेवायचा आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा, ही शिस्त मेलच्या हाडात आहे. आजच्या नियमांतही पुढच्या प्रयत्नाआधी निदान अर्धा तास थांबावं आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नये, असं सुचवलेलं आहे.

हॅरिसने हेरलं ते हे : खरा मेल सर्व्हर रांग ठेवतो, स्पॅम फेकणारा ठेवत नाही. त्याला परवडत नाही. एका रात्रीत लाखो पत्त्यांवर मेल सोडायचे, तेही बहुतेक वेळा कुणाच्या तरी व्हायरस लागलेल्या घरगुती कॉम्प्युटरवरून. कुणाकडून '४' आलं, कुणाला परत कधी पाठवायचं, हा हिशोब ठेवायला जागा लागते, वेळ लागतो, आणि तो कॉम्प्युटर तासाभराने बंदही होऊ शकतो. मग तो उत्तराकडे न बघता पुढच्या पत्त्यावर जातो. म्हणजे 'नंतर ये' एवढ्या एका वाक्यात बराचसा कचरा गेटवरून परस्पर जातो. मेलचा मजकूर तर अजून यायचाच असतो, त्यामुळे तुमचं इंटरनेट आणि डिस्कही वाया जात नाही.

व्यवहाराच्या भाषेत सांगायचं तर ग्रेलिस्टिंग 'तू कोण' असं विचारत नाही. 'तू परत येशील का' एवढंच विचारतं. आपल्या धंद्यात नवीन गिऱ्हाईक म्हणजे अनोळखीच असणार, म्हणून मला हा प्रश्न जास्त बरोबर वाटतो. ओळख विचारली तर नवा माणूस नापास होतो. परत येण्याची परीक्षा तो सहज पास होतो, आणि ती आपण दिली हे त्याला कळतही नाही, कारण परत येण्याचं काम त्याचा सर्व्हर करतो.

उशीर किती?

इथे लोकांचा गोंधळ होतो. हॅरिसने सुरुवातीला एक तास सुचवला होता. आज प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये मूळ सेटिंग साधारण पाच मिनिटांचं असतं. लिनक्स सर्व्हरवर चालणाऱ्या पोस्टग्रेमध्ये ३०० सेकंद, सीपॅनेलमध्येही पाच मिनिटं. पण याचा अर्थ मेल पाच मिनिटांनी येईल असा नाही. पाच मिनिटांच्या आत आलास तर पुन्हा परत पाठवीन, एवढाच त्याचा अर्थ. परत कधी यायचं हे पाठवणारा सर्व्हर ठरवतो. पोस्टफिक्स नावाचा सर्व्हर मूळ सेटिंगवर पाचेक मिनिटांनी परत येतो. एक्झिम मूळ सेटिंगप्रमाणे पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी येतो. कुणी अर्ध्या तासाने येतो. म्हणून तुम्ही पाच मिनिटं लावली तरी पहिला मेल पंधरा-वीस मिनिटांनी येऊ शकतो, आणि यात कुणाचीच चूक नसते.

एकदा मेल आत आला की ते तीन रकाने लक्षात राहतात आणि पुढचे मेल न थांबता येतात. किती दिवस लक्षात राहतात? हॅरिसने ३६ दिवस ठरवले होते. आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे साधा व्यवहार आहे. महिन्यातून एकदाच, समजा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येणारा मेलही पुढच्या महिन्यात अनोळखी ठरू नये. आपल्याकडे महिन्याचं डिलिव्हरी शेड्यूल, स्टेटमेंट, असं बरंच काही महिन्यातून एकदाच येतं. पोस्टग्रे ३५ दिवस धरतो. काही ठिकाणी ही मुदत दोन-तीन दिवसांवरच ठेवलेली असते. तसं असेल तर महिन्याचा मेल दर महिन्याला नव्याने गेटवर उभा राहील. ती वाढवून घ्या.

आता एक गंमत सांगतो, जी समजली तर ऑफिसातली बरीच भांडणं मिटतील. रजिस्टरच्या तीन रकान्यांत घेणाऱ्याचा पत्ताही आहे, हे विसरू नका. परचेसवाल्याने मेल टाकला, त्यात तुम्हाला आणि तुमच्या पार्टनरला दोघांनाही घेतलं. तुमच्याशी त्याचा आधी व्यवहार झालेला, पार्टनरशी पहिल्यांदाच. तुम्हाला मेल लगेच येतो, पार्टनरला वीस मिनिटांनी. 'मला का नाही पाठवला?' म्हणून पार्टनर रुसतो. रुसू नका, चहा घ्या, तोवर येतो.

आणि फोनचं काय? आपल्याकडे मेल पाठवला की मागोमाग फोन येतोच. 'मेल टाकलाय दादा, बघून घ्या.' तुम्ही बघता, इनबॉक्स रिकामा. 'नाही आला साहेब' असं म्हणून थांबू नका. समोरच्याला वाटतं, यांचा मेलच धड चालत नाही. सरळ सांगा, 'साहेब, तुमचा पहिलाच मेल आहे, आमच्याकडे पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटं लागतात, आला की मीच फोन करतो.' हे ऐकून कुणी नाराज होत नाही. ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर टाका म्हणणं सोपं आहे, पण बऱ्याच कंपन्यांना ड्रॉइंग असं बाहेर गेलेलं चालत नाही, तेव्हा पहिल्याच भेटीत ते मागू नका.

थांबवलेला वेळ वाया जात नाही

आजचे सगळेच स्पॅमवाले इतके भोळे राहिलेले नाहीत. काहींचे प्रोग्रॅम परत येतात. मग उपयोग काय? माझ्या मते उशिराचा दुसरा फायदाच आज जास्त मोलाचा आहे.

नवीन स्पॅमची लाट सुटते तेव्हा पहिल्या काही मिनिटांत ती कुणालाच माहीत नसते. ज्या आयपीवरून ती येते तो कुठल्याच काळ्या यादीत नसतो, जोडलेल्या फाइलची खूण अँटिव्हायरसकडे नसते. स्पॅमहाउससारख्या संस्था अशा वाईट आयपींच्या याद्या ठेवतात आणि जगभरचे मेल सर्व्हर त्या याद्या विचारतात. या याद्या भरायला मदत होते ती खोट्या पत्त्यांची. असे पत्ते मुद्दाम पेरलेले असतात, त्यांच्यावर कुणी खरा माणूस मेल पाठवणारच नाही, म्हणजे तिथे मेल आला की पाठवणारा चोर. लाट या सापळ्यांत सापडली की आयपी यादीत चढतो. पण तोवर पहिल्या मिनिटांत मेल मिळालेल्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तुम्ही पहिल्यांदाच आलेल्याला थांबवलंत तर त्या मधल्या वेळात याद्या तुमच्यासाठी काम करतात. तो परत येतो तेव्हा त्याचं नाव कदाचित बोर्डावर लागलेलं असतं, आणि नेहमीचा फिल्टर त्याला या वेळी ओळखतो. म्हणजे ग्रेलिस्टिंग हे फिल्टरच्या जागी आणायचं नसतं. फिल्टरच्या पुढे उभं करायचं असतं. ग्रेलिस्टिंग लावलं आणि बाकी फिल्टर बंद केला, असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका. तुमच्या डोमेनला मेल घेणारे दोन सर्व्हर असतील, एक मुख्य आणि एक राखीव, तर दोन्हीकडे लावा. पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं असेल तर चोर मागून येतो. स्पॅमवाले राखीव सर्व्हर मुद्दाम शोधतात.

जिथे घोडं अडतं

पहिली जागा ओटीपी. जीएसटी नोंदणीच्या पहिल्या टप्प्यात मोबाइलला एक आणि ईमेलला दुसरा, असे दोन वेगळे ओटीपी येतात आणि ते दहा मिनिटंच चालतात. नवीन डोमेन घेतलं, नवीन मेल आयडी काढला, ग्रेलिस्टिंग चालू केलं आणि त्याच दुपारी जीएसटीचा फॉर्म भरायला बसलात तर मोबाइलचा ओटीपी हातात आणि मेलचा गेटवर. उपाय सोपा आहे. अशी नोंदणी करायच्या दिवशी तुमच्या डोमेनवर ग्रेलिस्टिंग तात्पुरतं बंद ठेवा. बंद करायचं राहून गेलं असेल तर पाच-सहा मिनिटं थांबून ओटीपी पुन्हा मागवा. बहुतेक वेळा त्याच सर्व्हरवरून, त्याच पत्त्यावरून येणारा दुसरा मेल सरळ आत येतो, कारण रजिस्टरमधली त्याची वेळ भरलेली असते. दोन ओटीपी आले तर शेवटचा वापरा.

बहुतेक वेळा म्हणालो, नेहमी नाही. काही मोठ्या मेल-सेवा प्रत्येक मेलसाठी पाठवणाऱ्याचा अंतर्गत पत्ता बदलतात, मेल परत आला तर कुठला आला हे कळावं म्हणून. आपल्याला स्क्रीनवर पत्ता तोच दिसतो, सर्व्हरला मात्र दर वेळी वेगळा. काहींचे सर्व्हर डझनावारी असतात, त्यामुळे पहिला प्रयत्न एका आयपीवरून आणि दुसरा भलत्याच आयपीवरून होतो. दर खेपेला गाडी वेगळी आली तर काका दर खेपेला थांबवणारच. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये जीमेल, आउटलुक अशा मोठ्या सेवांना आधीच सूट दिलेली असते, आणि बाकीच्यांसाठी विश्वासू सर्व्हरांची यादी भरता येते. तुमची बँक, जीएसटी पोर्टल, रोजच्या व्यवहारातल्या कंपन्या यांची डोमेनं त्यात घालून घ्यायला होस्टिंगवाल्याला सांगा.

पण या सुटीची दुसरी बाजूही समजून घ्या. मोठ्या सेवांना सूट म्हणजे जीमेलचं खातं काढून त्यावरून पाठवलेला खोटा मेल ग्रेलिस्टिंगला दिसणारच नाही. आणि सगळ्यात महागात पडणारी फसवणूक तर गेटवर थांबतच नाही. तुमच्या ओळखीच्या सप्लायरचाच मेल कुणी तरी हॅक करतो, त्याच्याच खऱ्या पत्त्यावरून, जुन्या बिलाचा धागा पकडून मेल येतो : 'आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट या खात्यात करा.' आयपी ओळखीचा, पत्ता ओळखीचा, भाषाही ओळखीची. कुठलाही उशीर याला पकडणार नाही. इथे नियम एकच : खातं बदलल्याचा मेल आला की मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता उलटं बघा : आपण गेटच्या बाहेर उभे असतो तेव्हा

आपण नेहमी स्वतःचा इनबॉक्स कसा राखायचा एवढाच विचार करतो. पण नवीन धंदा सुरू करणारा माणूस समोरच्यासाठी अनोळखी असतो. तुमचं डोमेन परवा घेतलेलं, मेल आयडी काल काढलेला, आणि तुम्ही कोटेशन पाठवताय अशा कंपनीला जिच्या सर्व्हरने तुमचं नाव कधी ऐकलेलं नाही.

समजा भोसरीच्या सेक्टर १० मध्ये तुमचं छोटं सीएनसी युनिट आहे. कंपनीने सांगितलंय, संध्याकाळी पाचपर्यंत रेट मेल करा. सरकारी टेंडर पोर्टलवरच भरायचं असतं, तिथे हा त्रास नाही. पण खासगी कंपन्यांचे रेट अजून मेलवरच चालतात. तुम्ही शेवटपर्यंत आकडेमोड करून ४ वाजून ५५ मिनिटांनी मेल सोडला. तुमच्या 'सेंट'मध्ये ४:५५ दिसतंय. समोर ग्रेलिस्टिंग असेल तर मेल त्यांच्या इनबॉक्समध्ये ५:१० ला पडला. तुमच्याकडे पुरावा आहे, त्यांच्याकडे बंद झालेली यादी आहे. कोण जिंकणार?

म्हणून आदल्या दिवशी ओळखीचा मेल पाठवा. दोन ओळी पुरतात : 'तुमची चौकशी मिळाली, उद्या दुपारपर्यंत रेट पाठवतो.' शिष्टाचारही झाला आणि रजिस्टरमध्ये तुमची नोंदही. मात्र ज्या आयडीवरून कोटेशन पाठवणार त्याच आयडीवरून, आणि ज्यांना पाठवणार त्या प्रत्येकाला पाठवा. मालकाच्या आयडीवरून ओळख आणि सेल्सच्या आयडीवरून कोटेशन, असं केलं तर रजिस्टरच्या हिशोबाने तो दुसराच पाहुणा.

मेल खरंच उशिरा पोहोचला का, हे बघता येतं. समोरच्याचं जीमेल असेल तर मेल उघडून वरच्या तीन ठिपक्यांत 'मूळ दाखवा' निवडायचं. तिथे मेल कधी तयार झाला आणि किती सेकंदांनी पोहोचला, ते लिहिलेलं असतं. खाली प्रत्येक सर्व्हरने मारलेला वेळेचा शिक्काही दिसतो, अगदी ट्रान्सपोर्टच्या पावतीवर चेकनाक्यांचे शिक्के असावेत तसा. कुठल्या दोन शिक्क्यांमध्ये वेळ गेला ते बघितलं की कुठे थांबलं ते कळतं.

आणखी एक जागा म्हणजे मशिनं आणि सॉफ्टवेअर. काही बिलिंग प्रोग्रॅम, वेबसाइटचे चौकशी फॉर्म, स्कॅनर, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर स्वतः मेल पाठवतात. ते तुमच्या मेल सर्व्हरचं लॉगिन वापरून पाठवत असतील तर काही काळजी नाही, रांग तुमचा सर्व्हर सांभाळतो. पण काही प्रोग्रॅम थेट समोरच्या सर्व्हरला जाऊन भिडतात आणि '४' चं उत्तर आलं की मेल सोडून देतात. ना समोरच्याला मिळतो, ना तुम्हाला कळतं. बिल पाठवलंय असं तुम्ही समजता, महिनाभर पेमेंट येत नाही, आणि मग कळतं की बिलच पोहोचलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या मेल सर्व्हरचं नाव, युजर आणि पासवर्ड भरलेला आहे ना, एवढं तपासा.

जाता जाता, 'पन्नास हजार इंडस्ट्रियल ईमेल आयडी, पेन ड्राइव्हमध्ये' विकणारे तुम्हाला भेटतील. त्यासोबत एका क्लिकवर मेल सोडणारं सॉफ्टवेअरही देतात. ते घेऊन मेल सोडलेत की गेटवरच्या काकांच्या दृष्टीने तुम्ही आणि तो पत्रकं फेकणारा एकच. वर तुमचं डोमेन काळ्या यादीत गेलं तर उद्याचं खरं कोटेशनही जाणार नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक केले आहेत; एसपीएफ आणि डीकेआयएम या डोमेनच्या ओळखपत्रांशिवाय मेल पोहोचणं अवघड होत चाललंय. ती दोन्ही ओळखपत्रं कशी लावायची यावर वेगळा पाठ करू, कारण तो विषय यात कोंबण्यासारखा नाही.

चालू करावं का, आणि कुठे?

साधं जीमेल वापरत असाल तर तुमच्या हातात असं बटण नाही. गूगल स्वतःच्या पद्धतीने संशयास्पद पाठवणाऱ्यांना थांबवतं. तुमचं काम रोज सकाळी स्पॅम फोल्डर चाळण्याचं. गूगल वर्कस्पेस असेल तर ॲडमिनमध्ये जीमेलच्या स्पॅम विभागात, इनबॉक्समध्ये टाकण्याआधी मेल जास्त बारकाईने तपासण्याची सोय आहे. ती चालू असली की संशय आलेला मेल थोडा थांबवून तपासला जातो. तेवढं पुरे. वर्कस्पेसच्या पुढे आणखी वेगळं ग्रेलिस्टिंग लावायच्या फंदात पडू नका.

स्वतःचं डोमेन आणि साधं शेअर्ड होस्टिंग असेल, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांचं तसंच असतं, तर मात्र जरूर करा. तिथले मूळ फिल्टर कमकुवत असतात आणि हा उपाय फुकट आहे. सीपॅनेल असेल तर ईमेलच्या विभागात ग्रेलिस्टिंगचं पान शोधा. होस्टिंगवाल्याने सोय दिली असेल तर तिथे तुमच्या डोमेनपुढे चालू-बंद करायचं बटण असतं. मिनिटं आणि विश्वासू यादी मात्र होस्टिंगवाल्याच्या हातात असते. पाच मिनिटंच ठेवा. कुणी 'तासभर ठेवा, जास्त सुरक्षित' म्हणालं तर नको म्हणा; तासाभराने स्पॅम थोडा आणखी कमी होईलही, पण ब्रेकडाउनच्या कामाचा मेल तासभर गेटवर उभा राहणं आपल्याला परवडत नाही. ब्रेकडाउन सर्व्हिसचाच धंदा असेल तर त्या कामाला वेगळं डोमेन किंवा थेट फोन नंबर ठेवा.

चालू केल्यावर तपासायला ज्याने तुम्हाला कधीच मेल केलेला नाही अशा मित्राला सांगा, स्वतःच्या डोमेनवरून मेल टाक. जीमेलवरून नको, त्याला सूट असू शकते. पाठवल्याची आणि मिळाल्याची वेळ लिहून ठेवा. अर्ध्या तासाने त्यालाच दुसरा मेल टाकायला सांगा. पहिला उशिरा आणि दुसरा लगेच आला तर यंत्रणा बरोबर चालली आहे. दुसराही अडकला तर होस्टिंगवाल्याला कळवा. त्याला काय लिहायचं ते खाली देतो. डोमेनचं नाव बदला आणि असंच पाठवा :

'नमस्कार सर. आमच्या डोमेनवर ग्रेलिस्टिंग चालू आहे का? असल्यास पहिल्या मेलला किती मिनिटं थांबवलं जातं आणि ओळख किती दिवस लक्षात ठेवली जाते, ते कळवा. महिन्यातून एकदा येणारे मेल अडकू नयेत म्हणून ही मुदत ३५ दिवसांच्या आसपास हवी आहे. जीमेल आणि आउटलुकला सूट आहे का? सोबत आमच्या बँकेचं आणि पाच नेहमीच्या ग्राहकांचं डोमेन देत आहे, त्यांच्या सर्व्हरांना विश्वासू यादीत घ्यावं. आमच्या डोमेनला राखीव मेल सर्व्हर असेल तर त्यावरही हीच सेटिंग आहे ना, हेही कृपया सांगा.'